मावशींचा घोडा

जुने कपडे उसवून नव्या मापाला बसवून देणाऱ्या मावशी साठीला टेकल्यावर कुंग फू शिकायला जाऊ लागल्या, ही बातमी गल्लीत फिरायला फार वेळ लागला नाही. कोणी म्हणालं, नवऱ्याच्या आजारपणाने बाईचं डोकं फिरलं. कोणी म्हणालं, दुकानात दिवसभर एकटी असते, चोराचिलटांची भीती वाटत असेल. त्यांच्याच घराखाली दुकान असलेला न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरून वस्तरा फिरवता फिरवता म्हणाला, "आता बाही आखूड झाली म्हणून मावशींना सांगायला कोणाची छाती होणार?"

लोकांना काय, बोलायला निमित्त लागतं. मावशींचं कारण वेगळं होतं आणि ते वरच्या खोलीत पलंगावर पडून होतं.

मावशींच्या नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. फरश्या बसवण्यात त्यांचा हातखंडा. माणूस अंगाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा. जिन्यात उभं राहून ओरडले की वरच्या मजल्यावरचा मजूर सिमेंट घेऊन धावत खाली यायचा. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला, आणि कप उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. उजवं अंग गेलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, जीभ जड झाली. इस्पितळातून घरी येऊन व्यायाम शिकवणारी मुलगी पुन्हा पुन्हा सांगून गेली, "डावा पाय चांगला आहे काका, त्याच्यावर भार द्या, एक पाऊल टाकून बघा." काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ज्या माणसाच्या पावलांचा आवाज ऐकून मजूर विडी विझवायचे, त्याला परक्या मुलीसमोर लेकरासारखं पाऊल टाकायची लाज वाटत होती. माझं म्हणाल तर मला त्यांचा राग येतो, पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

मग काय, मिस्त्री म्हणजे एक पोतं झाले. सकाळी पलंगावरून खुर्चीत आणि संध्याकाळी खुर्चीतून पलंगावर. हे काम खालचा न्हावी करायचा. तो भला माणूस, कधी तोंड वाकडं केलं नाही, पण शेजारी शेजारीच असतो, त्याला जन्माचा बांधून घेता येत नाही. एकदा तो बायकोला आणायला परगावी गेला. मावशींनी म्हटलं, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. त्यांनी मिस्त्रींच्या काखेत हात घातले, कमरेत वाकल्या आणि ओढलं. पुढच्या क्षणी दोघं जमिनीवर होते. मिस्त्री खाली नव्हते पडले, मावशींच्या अंगावर पडले होते. मावशी कशाबशा त्यांच्याखालून सरकून बाहेर निघाल्या, पण त्यांना उचलणं काही जमेना. शेवटी त्यांनी मिस्त्रींच्या डोक्याखाली उशी सरकवली, अंगावर चादर घातली आणि स्वतःही शेजारी फरशीवर आडव्या झाल्या. फरशी मिस्त्रींनीच बसवलेली. मावशी म्हणाल्या, "गार आहे हो, पण सपाट मात्र झकास आहे." मिस्त्री हसले नाहीत. दुपारी लेक आली तेव्हा दोघं तशीच होती.

लेक दुसऱ्या शहरात बस चालवते. शिस्तीची, बोलायला तिखट, मनाने आईवर गेलेली. तिने आधी बापाला उचलून पलंगावर ठेवलं, आईच्या कमरेवरचा काळानिळा डाग पाहिला. वळली तेव्हा तिचं ठरलेलं होतं.

"आई, माझ्या डेपोजवळ एक संस्था आहे. आजारी माणसांची चांगली काळजी घेतात. उन्हाळा संपला की एक जागा रिकामी होतेय. बाबांना तिथे ठेवू."

"अगं, असं कसं?"

"मग कसं? पुढच्या वेळी तुझं कंबरडं मोडलं तर मी दोघांना कुठे ठेवू?" आणि मग ती पलंगापाशी गेली, बापाचा डावा हात हातात घेतला. "बाबा, तुम्ही सांगा. जाल ना तिकडे?"

मिस्त्रींनी मान हलवली. हो म्हणून.

मावशींच्या पायाखालची वाळू सरकली ती तेव्हा. कंबर दुखत होती, ती सोसत होत्या. लेकीचं म्हणणंही त्यांना कळत होतं. पण नवऱ्याने विचार करायलासुद्धा वेळ घेतला नाही, सहज मान हलवली, हे त्यांच्या काळजाला लागलं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या घोरण्याला शिव्या घालत झोपलो, त्याला आपल्यापासून दूर जायला काहीच वाटू नये? त्या रडल्या नाहीत. पदर खोचून लेकीला म्हणाल्या, "उन्हाळा संपायला वेळ आहे. तू येशील तेव्हा मी एकटीने त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवून दाखवीन. दाखवलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आणि नाही दाखवलंस तर?"

"तर घेऊन जा."

लेकीने हो म्हटलं. तिला वाटलं असेल, आईला एवढा वेळ दिला की ती आपोआप मनाची तयारी करील.

बोलून तर बसल्या, पण उचलायचं कसं? मिस्त्री त्या दिवसापासून मावशींना अंगाला हात लावू देईनात. त्या जवळ गेल्या की डाव्या हाताने पलंगाची कड घट्ट धरायचे. न्हावी आला की हात सोडायचे. मावशी मनात म्हणायच्या, ठीक आहे, माझ्यावर भरवसा उरला नाही तुमचा.

मावशींच्या दुकानाला लागून एका किल्लीवाल्याची टपरी होती. किडकिडीत माणूस, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. एका सकाळी मावशींच्या दुकानाचं शटर अर्ध्यात अडकलं. त्यांनी ओढलं, लाथ मारली, देवाचं नाव घेतलं, मग दुसरंही काहीबाही घेतलं. किल्लीवाला उठला, पाय फाकवून शटरखाली बसल्यासारखा उभा राहिला, पाठ ताठ, आणि नुसता सरळ झाला. शटर वर गेलं.

"एवढ्याशा अंगात हे बळ कुठून आलं हो?"

"बळ कसलं, मावशी. कमरेने ओढाल तर कंबर जाईल. मी घोडा लावला."

असं कळलं की हा किल्लीवाला रोज भल्या पहाटे मागच्या टायरच्या गोदामात कुंग फू शिकवतो आणि तिथे त्याला मास्तर म्हणतात. दुसऱ्या दिवशी मावशी हजर. मिस्त्री गोळीच्या गुंगीत उशिरापर्यंत झोपायचे, त्यामुळे तेवढी सवड होती. सैल आसनाचा पायजमा त्यांनी स्वतःच रातोरात शिवला होता, आणि खरं सांगायचं तर त्या वर्गात नीट बेतलेला कपडा तेवढा एकच होता.

घोडा म्हणजे काय, तर पाय खांद्यांच्या बाहेर चांगले फाकवायचे, पावलं समोर, गुडघे बाहेर, पाठ भिंतीसारखी, आणि नसलेल्या घोड्यावर बसायचं. बसून राहायचं. मास्तरांची पद्धत अशी की सगळ्यांना घोड्यावर बसवून स्वतः एका स्टुलावर बसायचे आणि आदल्या दिवशी आलेली एखादी किल्ली कानशीने घासायला घ्यायचे. किल्ली तयार होईपर्यंत घोडा सोडायचा नाही. साध्या कुलपाची किल्ली असली तर नशीब. तिजोरीची निघाली तर मांड्यांना घाम फुटायचा. वर्गातला बेकरीवाला, आडदांड माणूस, दर सकाळी आधी मास्तरांच्या पिशवीत डोकावून यायचा आणि बाकीच्यांना डोळ्यांनीच सांगायचा, आज काय वाढून ठेवलंय ते.

पहिल्या दिवशी मावशींचे पाय शिवणयंत्राच्या सुईसारखे थडथडले आणि त्या सरळ मागे बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. मास्तर म्हणाले, "बूड बाहेर येतंय. आणि पुढे कशाला वाकता? शिलाई शोधताय का?" आयुष्यभर यंत्रावर वाकून पाठीला बाक आलेला, तो एका दिवसात कसा जाणार? पण बाई चिवट. दात घासताना घोडा. काजं करताना घोडा. गिऱ्हाइकाच्या पँटची लांबी घ्यायची म्हणजे गुडघ्यावर बसायचं, त्याऐवजी घोडा. एक गिऱ्हाईक घाबरून दोन पावलं मागे सरकलं.

घरीही तेच चालू होतं. मिस्त्री पलंगावरून बघायचे. बायको भिंतीला पाठ न लावता हवेत बसून भाजी निवडतेय, तोंडाने काहीतरी मोजल्यासारखं पुटपुटतेय. एकदा त्यांनी डावं बोट स्वतःच्या डोक्यापाशी गरगर फिरवलं.

"हो, वेडच लागलंय," मावशी म्हणाल्या. "डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सांगितलंय."

खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. न्हाव्याला सांगावं तर ते गावाला सांगितल्यासारखं. आणि मिस्त्रींना काय सांगणार? ज्याला जायचंच आहे, त्याला थोपवायला मी घोडा करतेय, असं?

उन्हाळा निम्मा सरला तेव्हा मावशींचा घोडा वर्गात सगळ्यांत पक्का झाला होता. मास्तर जोड्या लावायचे. एकाने घोडा करायचा, दुसऱ्याने त्याच्या खांद्यावर हात टाकून अंग सोडून द्यायचं. मावशींच्या वाट्याला बेकरीवाला आला. मिस्त्रींएवढाच वजनदार. त्याने अंग टाकलं आणि मावशी जागच्या हलल्या नाहीत. तो म्हणाला, "मावशी, तुमच्यावर मी झोप काढू शकेन." मास्तर तर हवेतच. येणाऱ्या जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे, "बघा, साठीची बाई. लोक दुसऱ्याच आठवड्यात ठोसे मागतात, लाथा मागतात."

मग त्यांनाच वाटलं, आता हिला पुढचं शिकवावं.

"मावशी, उद्यापासून पाऊल घेऊ. घोड्यातून वळायचं, वजन या पायावरून त्या पायावर न्यायचं."

"नको मास्तर. मला घोडाच पुरे."

"अहो, घोडा म्हणजे पाया. नुसता पाया घालून थांबतं का कोणी? त्यावर घर नको?"

"घर आहे माझं."

"एका जागी उभंच राहायचं तर घोडा कशाला म्हणायचं, खांब म्हणा की."

"चालेल. मला खांबच व्हायचंय."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. मावशींचा हिशेब साधा होता. दिवस थोडे, माणूस जड, उचलायचं ते पक्कं येऊ दे, नाचायला कुठे जायचंय? शहाणी बाई, पण घोडं पेंड खाणार होतं ते नेमकं इथेच, आणि तिला ते दिसलं नाही.

उन्हाळा संपला. लेक आली, आल्या आल्या बापाच्या गालाची पापी घेतली आणि आईला म्हणाली, "तू बारीक झालीस." तिने मित्राची गाडी आणली होती आणि ती खाली उभी होती. मावशींनी खिडकीतून गाडी पाहिली आणि पदर खोचला.

सगळी तयारी त्यांनी केलेली होती. मिस्त्रींच्या पायजम्याच्या नेफ्याला दोन्ही बाजूंनी जाड पट्टीचे कान शिवले होते, धरायला. खुर्ची पलंगाशेजारी, मिस्त्रींच्या डाव्या हाताला. मावशी जवळ गेल्या तशी मिस्त्रींनी सवयीने पलंगाची कड धरली.

"बाबा, सोडा," लेक म्हणाली. "एकदाच. आईचं आणि माझं ठरलंय तसं."

मिस्त्रींनी लेकीकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि हात सोडला. मावशींनी त्यांना कडेला बसतं केलं, त्यांचा डावा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला. पाय फाकवले. पाठ ताठ केली. खाली बसल्या, अशा बसल्या की लेकीचा आ वासला. दोन्ही कान मुठीत धरले, श्वास घेतला आणि सरळ होऊ लागल्या. कमरेने ओढलं नाही. नुसत्या वर आल्या, आणि त्यांच्याबरोबर मिस्त्री वर आले.

मिस्त्री पलंगावरून सुटले होते. अख्खा माणूस, बायकोच्या आधाराने उभा. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा मावशींना त्यांचं तोंड आपल्या तोंडापेक्षा उंचावर दिसलं. किती उंच आहेत हे, मी विसरलेच होते, असं त्यांच्या मनात आलं.

आता वळायचं. खुर्ची हातभर अंतरावर होती. मावशींनी पाय उचलायला बघितला आणि वजन असं काही कलंडलं की त्यांनी तो तिथेच दाबला. दुसरा बघितला. तेच. मग त्यांना कळलं. पाय उभे राहायला शिकले होते, हलायला नाही. मास्तर मागे लागून शिकवायला बघत होते ते हेच, आणि आपण नको म्हणालो.

लेक पुढे झाली.

"थांब," मावशी म्हणाल्या. "हात लावू नकोस."

"आई, पडाल दोघं."

"पडणार नाही. हलता येत नाहीये एवढंच."

मांड्या थरथरायला लागल्या. मागे पलंग होता. मिस्त्रींनी नुसतं अंग सोडलं असतं तर ते गादीवर टेकले असते आणि सगळं तिथेच संपलं असतं. तेवढंच करायचं होतं त्यांना, आणि पोतं व्हायची त्यांना सवय होती. मावशी त्यांच्या कानाशी बोलल्या. लेकीला ऐकू जावं अशी इच्छा नव्हती, पण खोली लहान होती.

"अहो, मला हे एवढंच येतं. मी उभी राहीन. तुम्ही सांगाल तोवर राहीन. पण पाऊल तुम्हालाच टाकावं लागेल. आणि जायचंच असेल तिकडे, तर बसा मागे. मी रागावणार नाही."

मिस्त्रींचा श्वास त्यांच्या मानेवर लागत होता. मावशींना वाटलं, बसले आता. आणि मग त्यांच्या खांद्यावरचा हात घट्ट झाला. मिस्त्रींचा डावा पाय फरशीवरून सरकला, थोडासाच. उजवा त्याच्यामागे ओढत आला. ते थांबले, धापा टाकल्या, पुन्हा डावा सरकवला. मावशी खांबासारख्या उभ्या आणि मिस्त्री त्यांना धरून त्यांच्याभोवती वळत होते, ओठ दाबून, लेकीसमोर, लाजबीज सोडून. गुडघ्यांची मागची बाजू खुर्चीला लागली तसा मावशींनी घोडा खाली नेला आणि ते हळूच खुर्चीत बसले.

लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण बस चालवणारी बाई ती, रस्ता सोडणार नाही. ती बापासमोर उकिडवी बसली.

"बाबा, खरं सांगा. मी पुन्हा विचारते. तिकडे जायचंय?"

मिस्त्री तिच्याकडे बघतच नव्हते. ते बायकोच्या पायांकडे बघत होते. मावशी अजून तशाच, घोड्यावर. उठायचं त्यांच्या लक्षातच नव्हतं, की उठवतच नव्हतं कोण जाणे.

"हिला," मिस्त्री म्हणाले. जीभ अडली, त्यांनी पुन्हा जोर केला. "हिला बसव आधी. पाय कापतायत."

लेकीने आईला धरून पलंगाच्या कडेवर बसवलं, मिस्त्री इतके महिने बसत होते तिथेच. दोघं समोरासमोर आली. मिस्त्रींनी मान हलवली, या वेळी नाही म्हणून, एकदा लेकीकडे बघून आणि एकदा बायकोकडे बघून.

"मग त्या दिवशी हो का म्हणालात?" मावशींनी विचारलं. उन्हाळाभर पोटात ठेवलेला प्रश्न होता तो.

मिस्त्रींनी शब्द शोधले. एकेक शब्द दगडासारखा उचलून बाहेर ठेवला.

"पाडलं मी. तुला."

मावशींना आत्ता उमगलं. म्हणजे पलंगाची कड ते त्यासाठी धरून बसायचे. आपल्याला काय काय वाटलं होतं. मग नवरा पडला तेव्हा न रडलेली, लेक बोलली तेव्हा न रडलेली ही बाई गुडघ्यांवर हात ठेवून हमसाहमशी रडायला लागली. "मला तुमच्याशिवाय झोप लागत नाही हो," त्या म्हणाल्या. "एवढंही कळत नाही तुम्हाला?"

मिस्त्रींनी डावा हात पुढे केला. तो त्यांच्या गुडघ्यापर्यंत पोचला आणि तिथेच राहिला.

लेकीने डोळे पुसले, खिडकीपाशी जाऊन फोन लावला आणि ती जागा दुसऱ्या कोणालातरी द्या म्हणून सांगितलं.